फवाऱ्याला बुजणारा घोडा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सुरू झाला की पागेत माश्या वाढतात. घोडा दिवसभर शेपूट झटकतो, पाय आपटतो, मान झाडतो. धड चाराही खात नाही. मालक माश्यांवरच्या औषधाची बाटली आणतो, खटका दाबतो आणि ‘फुस्स’ आवाजासरशी घोडा मागे उसळतो. माथेरानला पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले असोत की सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं घोडा आणणारे शेतकरी, हा प्रसंग बहुतेकांच्या ओळखीचा आहे. अशा वेळी आपण जे करतो, त्यानं घोड्याचं भय अनेकदा कमी होण्याऐवजी वाढतं. त्यामागे काही पक्क्या बसलेल्या समजुती आहेत. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : माशी चावली तर काय बिघडलं? घोड्याला शेपूट आहेच.

वस्तुस्थिती : छाती, पोटाची खालची बाजू आणि डोळ्यांच्या कडा इथे शेपूट पोचत नाही आणि माश्या तिथेच गर्दी करतात. गोमाशी कातडी कापून रक्त पिते. घोड्यानं तिला हुसकलं की ती अर्धवट पोटानं शेजारच्या घोड्यावर बसते आणि तोंडाला लागलेल्या रक्ताबरोबर ‘सर्रा’ या रोगाचे परजीवी तिकडे पोचवते. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यानं १८८० साली डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हे परजीवी शोधले. या रोगात अधूनमधून ताप येतो, जनावर खंगत जातं, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. यावर आजही लस नाही. घरमाशी चावत नाही, पण ओल्या जखमेवर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात बसून कृमींच्या अळ्या सोडते. पावसाळ्यात भरता भरत नाही ती ‘बरसाती’ जखम त्यातूनच होते. तेव्हा माश्यांना आवर घालायलाच हवा.

गैरसमज : फवाऱ्याला घाबरणारा घोडा खोडसाळ असतो.

वस्तुस्थिती : माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला सुमारे ३३,००० हर्ट्‌झपर्यंतचे. फवाऱ्याच्या आवाजाचा जो उंच पट्टीचा भाग आपल्या कानांना कळतच नाही, तोही त्याला ऐकू येतो. त्याची कातडी एवढी जागी असते की एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो तिला उडवतो. अशा कातडीवर एकदम शेकडो थेंब पडतात आणि ते वाळू लागले की अंग गार पडतं. त्यात औषधाचा उग्र वास. शिवाय घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. अनोळखी आवाज आला की आधी दूर जायचं आणि मग वळून पाहायचं, हा त्याचा स्वभाव आहे. बुजणारा घोडा तुमची परीक्षा पाहत नसतो. तो खरोखर घाबरलेला असतो आणि मार खाऊन कोणाची भीती जात नाही.

गैरसमज : आखूड बांधून एकदा पुरता भिजवला की सवय होते.

वस्तुस्थिती : अगाडी-पिछाडी बांधून, दोन माणसांनी धरून फवारलं तर काही घोडे शेवटी हलायचे थांबतात. आपण म्हणतो, शिकला. त्या वेळी त्याच्याकडे नीट पाहा. मान वर ताठलेली असते, ओठ घट्ट मिटलेले असतात, नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळा मोठा होऊन त्याची पांढरी कड दिसत असते. पोटाचे स्नायू आवळलेले असतात. हा घोडा निवांत नाही. सुटका नाही हे कळल्यावर तो थिजला आहे. निवांत घोड्याची मान खांद्याच्या उंचीपर्यंत खाली येते, खालचा ओठ सैल होतो, एखादा मागचा पाय तो विसाव्याला टेकवतो आणि दीर्घ श्वास सोडतो. थिजलेला घोडा पुढच्या खेपेला बाटली दिसताच दोर तोडू शकतो. बांधलेल्या घोड्यानं मागे ओढ घेतली तर त्याच्या मानेला गंभीर इजा होऊ शकते आणि जवळ उभ्या मोतद्दाराचाही जीव धोक्यात येतो.

गैरसमज : घोडा उडाला की फवारणं थांबवावं, म्हणजे तो शांत होतो.

वस्तुस्थिती : हेतू मायेचा असला, तरी घोडा यातून भलतंच शिकतो. त्रासदायक गोष्ट ज्या क्षणी थांबते, त्या क्षणी आपण काय करत होतो हे घोडा लक्षात ठेवतो. उडी मारली आणि ‘फुस्स’ थांबलं, की उडी हा उपाय ठरतो. याचा अर्थ घाबरलेल्या घोड्यावर फवारत राहावं असाही नाही. मुळात उडी मारावीशीच वाटणार नाही, एवढ्या अंतरावरून सुरुवात करायची.

त्याची रीत अशी. बाटलीत औषध न भरता साधं कोमट पाणी भरा. घोडा मोकळ्या जागेत, सैल दोरावर, ओळखीच्या माणसाच्या हाती असू द्या. दहा-पंधरा पावलांवर उभं राहून, त्याच्याकडे पाठ वळवून, जमिनीच्या दिशेनं एका लयीत फवारत राहा. तो कान टवकारून पाहील, एखादं पाऊल हलेल. लय मोडू नका. तो स्थिर उभा राहिला, मान थोडी खाली आली, की त्याच क्षणी थांबा. गुळाचा लहानसा खडा द्या किंवा मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे खाजवा. घोडे एकमेकांना नेमकं तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवल्यानं घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मग दोन पावलं जवळ या. घोडा उसळलाच, तर घाई झाली असं समजून पुन्हा लांबून सुरुवात करा. जवळ पोचल्यावर आधी स्वतःच्या हातावर फवारून तो ओला हात त्याच्या खांद्यावरून फिरवा. मग खांद्यावर एकच हलका फवारा. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. सराव नेहमी घोडा शांत असतानाच संपवा.

गैरसमज : फवारल्याशिवाय औषध लागू होत नाही.

वस्तुस्थिती : औषध केसांवर आणि कातडीवर पोचलं पाहिजे, ते कशानं पोचवलं याला महत्त्व नाही. सराव चालू असेपर्यंत माश्या थांबणार नाहीत, तेव्हा कापडानं लावा. आधी खरारा करून घाम आणि धूळ काढा, कारण मळलेल्या केसांवर औषध टिकत नाही. रबरी हातमोजे घाला, घोड्यापासून दूर जाऊन सुती फडकं औषधानं ओलं करा आणि केसांच्या उलट दिशेनं, मग सरळ दिशेनं पुसत जा. तोंडावर तर शांत घोड्यालाही फवारू नये. डोळे, नाकपुड्या आणि ओठ सोडून बाकी चेहरा ओलसर फडक्यानं पुसावा. खोगिराखाली आणि उघड्या जखमेवर हे औषध नको. चेहऱ्यासाठी जाळीचा मुखवटा किंवा कपाळावरची झालर हा बिनऔषधी उपाय उत्तम आहे.

गैरसमज : गाईगुरांचं गोचीड-औषध घोड्यालाही चालतं.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. गुरांच्या गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं अमिट्राझ घोड्याला लावू नये. त्यानं आतड्यांची हालचाल मंदावते, लीद आत अडकते आणि जिवावर बेतणारा पोटशूळ उठतो. ज्या घरी गाई आणि घोडा एकत्र आहेत, तिथे दोघांचे पंप, बादल्या आणि फडकी वेगळीच ठेवा. घोड्यांसाठीच्या औषधांत बहुधा परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं. तेही पशुवैद्याला विचारून, घोड्यासाठी सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. जास्त दाट केल्यानं फायदा वाढत नाही, कातडी मात्र पोळते. परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, कारण त्यांच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. पागेतल्या मांजरीला ओल्या घोड्यापासून दूर ठेवा आणि उरलेलं औषध ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

गैरसमज : घरगुती उपाय निर्धोक असतात.

वस्तुस्थिती : कडुनिंबाचं तेल किंवा सिट्रोनेला माश्यांना काही काळ दूर ठेवतं, पण सिट्रोनेला लवकर उडून जातं आणि दोन्ही तेलं निखळ लावली तर नाजूक कातडीवर पुरळ उठू शकतं. आधी हातभर जागेवर लावून एक दिवस वाट पाहा. बंद पागेत कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केल्यानं माश्या हटतात, पण तोच धूर घोड्याच्या फुफ्फुसात जातो आणि त्याचा दम वाढतो. रॉकेल, फिनेल आणि जळकं ऑइल घोड्याच्या अंगाला कधीही लावू नये.

गैरसमज : औषध लावलं की काम झालं.

वस्तुस्थिती : उबदार हवेत घरमाशीचं अंडं ते माशी हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं आणि ते बऱ्याचदा लिदीतच घडतं. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाकाठी १५ ते २० किलो लीद टाकतो. ती रोज उचलली, खड्ड्यात झाकून कुजवली किंवा उन्हात पातळ पसरून वाळवली, तर माश्यांची पुढची पिढीच घटते. मुतानं भिजून कुजलेला पेंढा चावऱ्या तबेलामाशीला विशेष मानवतो, म्हणून तोही बदलत राहा. संध्याकाळी येणारी बारीक चिलटं उडायला दुबळी असतात. पागेतला पंखा त्यांना पुरेसा आहे. गोमाशी चिखलात, दलदलीत वाढते, त्यामुळे केवळ पागेच्या सफाईनं ती कमी होत नाही. तिच्यासाठी अंगावर झूल उपयोगी पडते. २०१९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात झेब्र्यासारख्या पट्ट्यापट्ट्यांची झूल घातलेल्या घोड्यांवर एकरंगी झुलीच्या मानानं खूपच कमी गोमाश्या बसल्या.

घोडा बोलून दाखवू शकत नाही. तो बुजतो, इतकंच त्याच्या हाती असतं. त्याच्या बुजण्याला शिक्षा करू नका. आजपासून औषध फडक्यानं लावा, फवाऱ्याचा सराव पाण्यानं करा, लीद रोज उचला आणि कोणतंही नवं औषध घोड्याच्या अंगाला लावण्यापूर्वी पशुवैद्याला विचारा.