बरव्यांच्या वस्तू

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. शिल्पकार वि. पां. करमरकर त्यांचे नातलग. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून ते वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागले आणि १९६१च्या सुमारास वाराणसीला गेले. तिथल्या तंत्रसाधनेतल्या आकृत्यांची छाप त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर ठळक आहे.

पण बरवे खरे ओळखले जातात ते साध्या वस्तूंमुळे. घड्याळ, पान, शिंपला, सेफ्टी पिन, ढग, फळ. एनॅमल रंगात, मोकळ्या अवकाशात, एकमेकांपासून अंतर राखून या वस्तू कॅनव्हासवर येतात आणि वर्षानुवर्षं परत येत राहतात. वस्तू टेबलावर मांडून हुबेहूब उतरवणं हा त्यांचा मार्ग नव्हता. तिच्याकडे पाहत राहायचं, वहीत टिपणं आणि रेखाटनं करायची, मग स्मरणात उरलेला आकार रंगवायचा. अनेक वर्षांच्या या डायऱ्या मला त्यांच्या चित्रांइतक्याच मोलाच्या वाटतात. डायऱ्यांतल्या या विचारातूनच १९९०मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. चित्रकाराने मराठीत आपल्या पाहण्याविषयी इतकं बारकाईने लिहिल्याची उदाहरणं थोडीच.

म्हणूनच शाळांतून एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राचा सराव करणाऱ्या मुलांना बरव्यांची चित्रं जरूर दाखवावीत. समोरचा माठ किंवा तांब्या नीट काढून झाला की तो झाकून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीतून पुन्हा काढायला सांगावा.