दारावरचा राखणदार

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळी ओलांडली की डिचोली येते. सुट्टीत पेडण्याला घरी जाताना मावशीकडे माझा एक मुक्काम ठरलेलाच. गेल्या वर्षी चवथीच्या आधी गेलो, तेव्हा तिच्या दाराच्या चौकटीवर एक पांढरी पेटी आणि सोप्यावर कॅमेरा दिसला.

“चोरांसाठी बसवला,” मावशी म्हणाली. “एक मुलगा आला होता. दिसायला तुझ्यासारखाच, कॉलेजात जाणारा.”

त्या मुलाने आठ हजार रुपये घेतले होते. पावतीवर पत्ता नव्हता, नुसता मोबाईल नंबर. पावसात वीज गेली तशी पेटीही मुकी झाली आणि तो नंबर कोणी उचलीना. पण पैशांपेक्षा मला धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. घरात कोण कोण असते, मुलगा कुठे आहे, घर बंद केव्हा असते, हे सारे त्याने विचारले होते आणि मावशीने चहा देऊन सांगितले होते! मुलगा आखातात, चवथीला आम्ही सगळे पेडण्याच्या मूळ घरी. चोराला याहून अधिक काय हवे असते?

तो मुलगा चोर होता असे मी म्हणत नाही. कमिशनवर उन्हातान्हात फिरणारी अशी मुले आपल्यातलीच असतात. परंतु त्यांना शिकवलेली पद्धत ओळखून ठेवावी. आधी भीती घालायची : “पलीकडच्या वाड्यावर चोरी झाली.” मग घाई करायची : “सवलत आजच्यापुरतीच.” आणि विचार करायला सवड मिळण्याआधी सही घ्यायची. म्हणून यावर पहिला उपाय एकच, त्या दिवशी काहीही न घेणे. खरी वस्तू उद्याही मिळते.

या यंत्रात जादू काही नसते. दाराला चुंबक व चौकटीला कळ असते. दार उघडले की दोन्ही दूर होतात आणि भोंगा वाजतो. दुसरा सेन्सर माणसाच्या अंगच्या उष्णतेवरून हालचाल टिपतो. वीज गेल्यावर चालायला आत बॅटरी हवी, आणि परगावाहून पाहायचे तर कॅमेऱ्याला इंटरनेट हवे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा, नाहीतर आपले घर दुसराच पाहील. कॅमेऱ्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघावे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. थेट विक्रीविषयीचे केंद्र सरकारचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले. त्यांनुसार अशा कंपनीच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. किंमत, हमी व माल परत करण्याच्या अटी त्याने स्पष्ट सांगायच्या. फसगत झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र हातात पक्के बिल हवे. मावशीकडे नेमके तेच नव्हते.

तेव्हा मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला, आजीला एवढे सांगा : अनोळखी विक्रेत्याशी उंबरठ्यावरूनच बोलावे, ओळखपत्र पाहावे, घर केव्हा रिकामे असते ते कुणालाही सांगू नये, आणि “मुलाला विचारून कळवते” म्हणून गोडीने निरोप द्यावा. यात आतिथ्याला बाध येत नाही.

त्या चवथीला मावशीने चावी शेजारच्या काकांकडे दिली. ते रोज दिवेलागणीला सोप्यावर दिवा लावून येत. भोंगा वाजला तरी तो ऐकून धावणारे माणूस लागतेच. आमच्याकडे गावाचा राखणदार रात्री सीमेवरून फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. पण आगाऊ रक्कम मागायला तो आजवर कुणाच्या दारी आलेला नाही!