एकच जागा, दोन फोटो



आपल्या गटातल्या बहुतेकींच्या घरात आता कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. स्वतःचा नसला तर पोराचा किंवा मालकाचा असतो. त्यात काय सापडतं? लग्नातली नवरी, नातवाचा वाढदिवस आणि बैठकीत ओळीने बसलेल्या आपण सगळ्या. हे फोटो आठवणीसाठी असतात आणि ते असावेतच. पण हाच मोबाइल आपल्या बाजूने साक्षही देऊ शकतो. त्यासाठी महागडा फोन लागत नाही, थोडी शिस्त लागते. ती शिस्त कशी लावायची, ते या लेखात पाहू.

लोणारने काय शिकवलं?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले आणि ते देशभर फिरले. बऱ्याच जणांना वाटलं, फोटोत रंग भरलाय. पण अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाने वरून टिपलेली दोन चित्रं होती. एक २५ मे २०२० चं आणि दुसरं १० जून २०२० चं. जागा तीच आणि कॅमेरा वरच. पहिल्यात पाणी हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. अवघ्या सोळा दिवसांत झालेला बदल दोन चित्रं शेजारी ठेवल्याबरोबर दिसला.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असं त्यांना आढळलं. पाणी आटून खारटपणा वाढला, की हे जीव वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं.

यातून आपण काय घ्यायचं? एकटा फोटो "असं आहे" एवढंच सांगतो. त्याच जागेचा दुसरा फोटो "असं झालं" हे सांगतो. शास्त्रज्ञ या पद्धतीने सव्वाशेहून जास्त वर्षं काम करताहेत. युरोपातल्या आल्प्स पर्वतातला बर्फ किती मागे सरकला, हे त्यांनी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा उभं राहून फोटो काढूनच पाहिलं. आपल्याला बर्फ नाही मोजायचा. गावतळ्यातला गाळ, बंधाऱ्याचं पाणी, विहिरीची पातळी आणि वावरातलं पीक, हे आपले विषय.

जोडीचा फोटो कसा काढायचा?

१. उभं राहायची जागा पक्की करा. हातपंपाचा ओटा, पुलाचा कठडा, देवळाची पायरी, अशी न हलणारी जागा निवडा. "झाडाजवळ" असं मोघम नको. झाड पुढच्या वर्षी असेलच याचा काय भरवसा?

२. दोन खुणा एका रेषेत धरा. समजा, विहिरीच्या कठड्याचं टोक आणि त्यामागचा विजेचा खांब एकावर एक दिसतो. पुढच्या वेळी तसंच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. जुळलं, म्हणजे तुम्ही जुन्याच जागेच्या रेषेत आलात.

३. जुना फोटो सोबत ठेवा. एकीने दुसऱ्या मोबाइलवर तो उघडून धरायचा आणि दुसरीने नवा काढायचा. मोबाइल आधी आडवा धरला असेल तर आताही आडवाच. बोटाने चित्र मोठं करू नका. त्याने फोटो फुटतो आणि चौकटही बदलते. जवळचं हवं असेल तर चालत जवळ जा.

४. वेळ तीच ठेवा. सकाळी ९ ला काढला असेल तर पुढचाही सकाळी ९ च्या आसपास काढा. सावली बदलली की भरलेलं तळंही उथळ वाटतं. सूर्य शक्यतो पाठीमागे किंवा बाजूला असावा.

५. माप दाखवा. एक बांबू घ्या, त्यावर प्रत्येक फुटावर रंगाचा पट्टा मारा आणि तो फोटोत उभा करा. बांबू नसेल तर फावडं ठेवा किंवा गटातली एखादी ताई उभी करा. माप नसलं, तर खड्डा गुडघाभर की कमरेएवढा हे फोटोवरून कळत नाही.

६. वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, तोंड कोणत्या दिशेला आणि फोटो कोणी काढला, एवढी एक ओळ पुरे. मोबाइल बिघडेल, पण वही राहील.

आणि सगळ्यांत आधी, कॅमेऱ्याची काच पदराच्या मऊ टोकाने पुसा. पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो आणि मग फोटो धुरकट येतो. कितीतरी फोटो एवढ्यावरून वाया जातात.

वावरातलं नुकसान

गारपीट झाली, नाल्याचं पाणी सोयाबीनमध्ये घुसलं, कापून ठेवलेली सुडी भिजली. अशा वेळी मन थाऱ्यावर नसतं, हे खरं. पण आवराआवर करायच्या आधी दहा मिनिटं फोटोंसाठी द्या.

तीन अंतरांवरून फोटो घ्या. पहिला लांबून: धुऱ्यावर उभं राहून, ज्यात विहीर, रस्ता किंवा शेजारचं वावर ओळखू येईल असा. दुसरा मधल्या अंतरावरून: ज्यात तासं आणि आडवं पडलेलं पीक दिसेल. तिसरा अगदी जवळून: फुटलेली बोंडं, कोंब आलेल्या शेंगा. फक्त जवळचा फोटो असेल तर तो कोणाच्या वावरातला, हे सांगता येत नाही. फक्त लांबचा असेल तर नुकसान दिसत नाही. तीन मिळून गोष्ट पुरी होते.

पेरणीनंतर पीक चांगलं उभं असतानाही त्याच धुऱ्यावरून एक फोटो काढून ठेवा. नुकसानीच्या फोटोला ही जोडी मिळाली की आधी काय होतं, हे सांगत बसावं लागत नाही. तसाही १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो द्यावा लागतो आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. ती नोंद मुदतीत झाली का, हे घरात विचारा. पेरणी, निंदण, वेचणी आपण करायची आणि नोंदीचं मात्र आपल्याला माहीत नसायचं, असं होऊ देऊ नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपला फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. तलाठी, कृषी सहायक यांना लगेच कळवायचंच. विम्याचे नियम आणि मुदती हंगामागणिक बदलतात, म्हणून यंदाचा नियम कृषी सहायकाला विचारून घ्या. फोटो आपल्या अर्जाला आधार देतो, अर्जाची जागा घेत नाही.

मूळ फोटो जपा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो. फोटोच्या आत मोबाइलने नोंदवलेली तारीख-वेळ आणि ठिकाणही निघून जातं. म्हणून पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडून पाठवा. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. त्यावर रंग चढवू नका, तो कापू नका. मोबाइलची तारीख बरोबर आहे ना, हेही पाहा. महत्त्वाचे फोटो गटातल्या आणखी एकीच्या मोबाइलमध्ये किंवा मेमरी कार्डवर ठेवा.

बायकांनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा

आता जरा दूरची गोष्ट. १९९० च्या दशकात चीनमधल्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी एक प्रयोग केला. खेड्यातल्या ६२ बायकांच्या हातात त्यांनी कॅमेरे दिले. शेतात राबणाऱ्या या बायकांना सांगितलं, तुमचं रोजचं जगणं तुम्हीच टिपा. मग त्या एकत्र बसल्या आणि आपापल्या फोटोंबद्दल बोलल्या.

फोटोंत काय आलं? आई कामात आणि लेकरू शेताच्या कडेला एकटं, असं चित्र आलं. हे रोज घडत होतं, पण अधिकाऱ्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. फोटो आणि त्यामागची गोष्ट समोर ठेवल्यावर लहान मुलांचा सांभाळ, सुईणींची सोय, मुलींचं शिक्षण यांवर बोलणं सुरू झालं. या पद्धतीला पुढे 'फोटोव्हॉइस' असं नाव पडलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर फोटोतून बोलणं. आज ती कितीतरी देशांत वापरली जाते.

आपल्याकडे काय वेगळं आहे? भल्या पहाटेपासून पाणी, चूल, गोठा, मग वावर, मग पुन्हा चूल. विचारलं तर घरचे म्हणतात, "ती घरीच असते." एका दिवसाच्या कामाचे दहा फोटो काढून बैठकीत ओळीने मांडा बरं. बोलायला शब्द शोधावे लागणार नाहीत.

फोटो समोर ठेवून हे पाच प्रश्न विचारा: यात काय दिसतंय? खरं काय चाललंय? याचा आपल्या जगण्याशी काय संबंध? असं का आहे? आपण काय करू शकतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ठराव म्हणून वहीत लिहा.

थोडी काळजी

कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आजारी माणूस, लहान लेकरू, अडचणीत सापडलेली बाई यांच्या बाबतीत तर नाहीच. चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते. नुसते हात दाखवा, नुसती रिकामी घागर दाखवा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. आणि फोटोसाठी विहिरीच्या काठावर, पुराच्या पाण्यात उतरू नका. फोटोपेक्षा जीव मोठा.

या महिन्याचं काम

प्रत्येक गटाने गावातली एकच जागा निवडायची. बंधारा, तळं, शाळेचं स्वच्छतागृह, अंगणवाडीकडे जाणारी चिखलाची वाट, जे तुम्हाला टोचतं ते. आज पहिला फोटो काढायचा, तीन महिन्यांनी दुसरा. पाण्याची जागा असेल तर ऑक्टोबर, जानेवारी आणि मे असे तीन घ्या, म्हणजे पाणी कधी खाली जातं ते दिसेल.

मग ती जोडी महिलांच्या ग्रामसभेत ठेवा. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. तिथे "आमच्याकडे पाणी नाही" एवढंच म्हटलं तर "आहे की" असं उत्तर येऊ शकतं. त्याच कठड्यावरून काढलेले दोन फोटो, त्यात पट्टे मारलेला बांबू आणि खाली तारखा असल्या, की नुसतं "आहे की" म्हणून भागत नाही. मग आधी फोटोकडे पाहावं लागतं आणि तिथून बोलणं कामावर येतं.

काम झालं तर त्याच जागेवरून तिसरा फोटो काढायला विसरू नका. तो ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा. पुढच्या गावच्या मैत्रिणींना त्यातूनच हिंमत मिळते.