सामान दोरी धरते, पण दोरीला कोण धरतं?

घर बदलायचं असतं, जुनं कपाट गावी पाठवायचं असतं, नाहीतर शेतावर इंजिन न्यायचं असतं. तुम्ही टेम्पो ठरवता किंवा ओळखीच्यांची ट्रॉली मागून घेता. सामान चढतं, दोरी आवळली जाते, कुणीतरी तिला एक हिसका देऊन बघतो आणि म्हणतो, ‘चला, काही होत नाही.’ दोरी घट्ट आहे हे सगळ्यांना दिसतं. तिचं दुसरं टोक कशाला बांधलंय, हे मात्र क्वचितच कुणी वाकून पाहतं.

बहुतेक वेळा ते टोक फाळक्याच्या खिट्टीला नाहीतर पत्र्याच्या कडेला अडकवलेलं असतं. फाळका वाळू, शेणखत, पोती आत ठेवण्यासाठी असतो. दोरीची ओढ सोसणं हे त्याचं काम नाही. म्हणून तुमची स्वतःची ट्रॉली किंवा पिकअप असेल, तर सामान बांधण्यासाठी पक्क्या कड्या बसवून घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात हे फार मोठं काम नाही.

ब्रेक लागला की काय होतं?

‘जड आहे, जागचं हलणार नाही’ हा समज सर्वांत धोक्याचा. वस्तू जितकी जड, तितकी ब्रेक लागल्यावर ती जोराने पुढे रेटते. युरोप-अमेरिकेतल्या मालवाहतूक नियमांमध्ये यासाठी सोपा हिशेब आहे. बांधणीने पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर सोसला पाहिजे. म्हणजे २०० किलोचं इंजिन असेल, तर पुढे १६० किलो आणि बाजूला १०० किलोची ओढ धरायची आहे. खिळखिळी खिट्टी इथे टिकत नाही.

आता मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा विचार करा. ताशी ४० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला ११ मीटर पुढे येतो. तुमच्या गाडीतून कपाट घसरून त्याच्यापुढे दहा मीटरवर पडलं, तर त्याच्या हातात एक सेकंदही उरत नाही.

कडी कुठे बसवायची?

नियम एकच: कडी पत्र्यावर नको, सांगाड्यावर हवी. ट्रॉलीच्या खाली वाकून बघा. तळाच्या पत्र्याखाली लोखंडी चॅनेल आणि अँगल आडवे-उभे गेलेले दिसतील. कडीची ओढ तिथपर्यंत पोहोचली पाहिजे.

छिद्र पाडण्याआधी खाली काय आहे ते नीट पाहा. लाइटच्या वायरी, ब्रेकचे पाइप, उलटणाऱ्या ट्रॉलीत जॅकचे पाइप, पिकअपमध्ये डिझेलची टाकी असू शकते. पिकअपच्या चेसीला स्वतःहून छिद्र पाडू नका आणि वेल्डिंगही करू नका. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा.

बोल्ट की वेल्डिंग?

बोल्टने बसवायची असेल तर नुसता वायसर पुरत नाही. तळाखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या. तिच्यामुळे ओढ मोठ्या भागावर पसरते आणि पत्रा फाटत नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असावा. साध्या बोल्टपेक्षा तो बराच मजबूत असतो. हादऱ्यांनी सैल न होणारा, आत नायलॉनची चकती असलेला नट वापरा. छिद्राच्या कडांना रेड ऑक्साइड लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल.

वेल्डिंग करायचं तर रंग आणि गंज घासून काढून लोखंड उघडं करा. जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंग करताना विषारी धूर निघतो. तो आधी घासून काढा आणि काम मोकळ्या हवेत करा.

कडी डी आकाराची, पडून राहणारी घ्या, म्हणजे सामान चढवताना पाय अडकत नाही. गोल डोक्याचा आय बोल्ट सरळ ओढीला चांगला असतो, पण तिरक्या ओढीला त्याची ताकद बरीच घटते. आणि सामानाची बांधणी बहुधा तिरकीच असते.

किती कड्या लागतील?

चार कोपऱ्यांत चार, ही किमान गरज. दोन्ही बाजूंना मध्ये एकेक जोडी वाढवली, तर लहान-मोठं कुठलंही सामान नीट बांधता येतं. सामानावरून जाणारा पट्टा जितका उभा उतरेल, तितका तो सामानाला तळावर दाबून धरतो. तळाशी ३० अंशांचाच कोन राहिला, तर त्याच्या ताणातला निम्माच जोर खाली पोहोचतो. म्हणून कड्या सामानाच्या जवळ मिळाल्या तर बरं.

दोरीऐवजी रॅचेटचा पॉलिस्टरचा पट्टा वापरा, तो कमी ताणतो. पट्ट्यावर लिहिलेला तुटण्याचा भार पाहून भुलू नका, कामाचा भार पाहा. तो बराच कमी असतो. प्लॅस्टिकची दोरी उन्हात कमजोर होते, तर रबरी हुकाची दोरी फक्त ताडपत्रीपुरती ठीक. कडी, हुक आणि पट्टा यांतलं सर्वांत कमजोर जे असेल, तेवढीच तुमची बांधणी पक्की.

दोन चाकांच्या ट्रॉलीत जड वस्तू आसाच्या थोडी पुढे ठेवा. अगदी मागे ठेवली तर ट्रॉली डोलते. पुढे जागा उरली तर लाकडी ठोकळा अडकवा.

गाडी भाड्याची असेल तर

कड्या बसवणं तुमच्या हातात नसलं, तरी बघणं आणि विचारणं नक्कीच आहे. बऱ्याच पिकअपना हौद्याच्या खालच्या कडेला बाहेरून हुक असतात. ते वाकलेले किंवा गंजलेले नाहीत ना, हाताने हलवून पाहा. चालकदादांना स्पष्ट सांगा, ‘दोरी फाळक्याला नको, हुकाला बांधा.’ सामान हौद्याबाहेर मर्यादेपलीकडे येऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय सामान उतरवण्याचा खर्च वेगळा.

निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर गाडी थांबवायला सांगा आणि पट्टे पुन्हा आवळा. हादऱ्यांनी सामान बसतं आणि बांधणी सैल होते. आणि ‘धरायला’ म्हणून कुणालाही, विशेषतः मुलांना, सामानावर बसवू नका. सामान घसरलं तर ते माणसाच्या हातांनी अडत नाही. ते काम कडीचं आहे.