घरचा खिमा: थंडी, पातं आणि चरबीचा हिशेब

अमेरिकेत दुकानोदुकानी बीफचा तयार खिमा मिळतो. तरीही तिथले हौशी स्वयंपाकी मांसाचा अख्खा तुकडा आणून खिमा घरीच काढतात. कारण साधं आहे: आत काय गेलं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्या खटाटोपामागच्या या गमतीजमती.

सायकलचा पूर्वज आणि खिम्याचं यंत्र
1817 मध्ये सायकलची पूर्वज असलेली दुचाकी रस्त्यावर आणणारा जर्मन संशोधक कार्ल ड्राइस. हातानं फिरवायच्या खिमा यंत्राचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. आत फिरणारा स्क्रू, पुढे पातं, त्यापुढे भोकांची जाळी ही रचना आजच्या विजेवरच्या यंत्रांतही दिसते.

खिम्यातलं 80/20 म्हणजे?
वजनाचे 80 टक्के बिनचरबीचं मांस, 20 टक्के चरबी. अमेरिकी नियमानुसार बीफच्या खिम्यात 30 टक्क्यांहून जास्त चरबी चालत नाही. 95/5 च्या खिम्यात 70/30 च्या एक षष्ठांश चरबी!

हिशेब ठरतो खरेदीतच
मागच्या पायाचा ‘राउंड’ आणि कमरेकडचा ‘सरलॉइन’ कमी चरबीचे, खांद्याचा ‘चक’ जास्त चरबीचा. वरची चरबी घरी सुरीनं काढता येते. पांढरे चिवट पडदेही काढायचे, नाहीतर ते पात्याभोवती गुंडाळतात.

यंत्रालाही फ्रीझर
मांसाचे साधारण अडीच सेंटिमीटरचे तुकडे कडा कडक होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवायचे, सोबत पातं आणि जाळीही. मांस कोमट झालं की चरबी कापली जाण्याऐवजी लेपासारखी पसरते, भोकं बुजतात आणि खिम्याचा लगदा होतो.

तपकिरी म्हणजे खराब? नेहमीच नाही
मांसातलं मायोग्लोबिन हवेतल्या ऑक्सिजननं लालभडक होतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून तिथला खिमा करडा-तपकिरी दिसतो. वास आंबूस आला किंवा खिमा हाताला बुळबुळीत लागला, तर मात्र फेकून द्या.

मीठ शेवटी
मीठ आधी मिसळून खिमा मळला की मांसातली प्रथिनं विरघळून एकमेकांना धरतात. सॉसेजला तो घट्टपणा हवाच असतो, बर्गरला नको. म्हणून बर्गरची टिक्की थापून झाल्यावर, तव्यावर टाकण्याआधीच वरून मीठ भुरभुरवायचं.

71 अंशांची रेघ
अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून अमेरिकेत अख्ख्या स्टेकला 63 अंश सेल्सियस आणि तीन मिनिटांची विश्रांती पुरते, खिम्याला मात्र आतून 71 अंश लागतात. 1993 मध्ये नीट न शिजलेल्या बर्गरमुळे तिथे 700 हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. पुढच्याच वर्षी ई. कोलाय ओ157:एच7 हा जंतू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवण्यात आला. घरी काढलेल्या खिम्यालाही ही रेघ लागू आहे.

कोरडेपणावर उतारा
चरबी कमी म्हणजे रसही कमी. दुधात भिजवलेला ब्रेड कुस्करून मिसळा. तो ओलावा धरून ठेवतो आणि मीटबॉल मऊ होतात.

आपल्याकडे?
महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि इथे घरोघरी खिमा म्हणजे मुख्यतः मटणाचा. पण थंडी, धारदार पातं आणि स्वच्छता यांचे नियम मटणाच्या खिम्यालाही तेच. पुढच्या वेळी खाटकाकडून रानाचा (मांडीचा) तुकडा घ्या, चरबी तुमच्या पसंतीनं काढा किंवा ठेवा आणि खिमा घरीच काढा. फ्रीजमध्ये तो एक-दोन दिवसच टिकतो, तेव्हा लागेल तेवढाच काढा, यंत्र गरम साबणपाण्यानं लगेच धुऊन कोरडं करा, आणि ताज्या खिम्याची चव ताजी असतानाच घ्या.