वारशाची दुनळी

आर्वी, सेलू, कारंजा भागातल्या जुन्या मालगुजारांच्या घरी बारा बोअरची दुनळी अजून निघते. मालगुजारी 1951 साली गेली, बंदूक राहिली. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर हिंदी माणसाला परवाना मिळणं म्हणजे साहेबाची मर्जी, त्यामुळे भिंतीवरची दुनळी रोही-रानडुकरांपेक्षा गावावरच जास्त वचक ठेवून असे. आजोबा गेले, वावराची वाटणी झाली, की कुणीतरी विचारतंच, "अन् बंदुकीचे किती येतील?"

आधी कागद बघावा. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसाने आपल्या नावाच्या परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. 2016 च्या नियमांत धारकाच्या हयातीतही वाट आहे: तो सत्तरीचा झाला किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, की वारसाला मागता येते. बिनपरवान्याच्या बंदुकीला किंमत नसते, कलम असतं.

किंमत करताना जाणकार नक्षीवर भुलत नाही. तो कळ सरकवून बंदूक उघडतो, पुढचं लाकूड काढतो, नळ्या सुट्या करून उलट्या धरतो. खालच्या सपाट भागावर तिची खरी जन्मपत्रिका असते. मुकुटाचा ठसा असला तर बहुधा लंडन किंवा बर्मिंगहॅमची चाचणी, लंबगोलात ईएलजी ही अक्षरं असली तर बेल्जियमचं लिएज. वरचं नाव मात्र फसवं. कलकत्त्याच्या मँटनसारख्या पेढ्या दुसऱ्यांनी घडवलेला माल आपल्या नावाने विकत, आणि लिएजच्या स्वस्त बंदुका इंग्रजी वाटणारी नावं मिरवत येत. नळ्यांवरचा आणि मधल्या सांगाड्यावरचा क्रमांक जुळला नाही, तर भाव तिथेच उतरतो.

मग नळ्या उजेडाकडे धरून आतले गंजाचे खड्डे बघायचे. नळी टांगून हलकेच टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली पाहिजे. बद्द आवाज आला की दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली समजावी. तोंडाशी नळ्या एकमेकींना टेकत नसतील, मध्ये फट असेल, तर कुणीतरी त्या कापल्यात. नळ्या कापल्या की चोक, म्हणजे तोंडाशी नळीला दिलेली आवळण, जातो, छर्रे विखुरतात आणि किंमतही.

बहुतेक वारस इथे एक घोडचूक करतात: दाखवायच्या आधी बंदूक घासूनपुसून लखलखीत करतात. पॉलिश पेपरने ठसे बुजतात आणि नळ्यांचा मूळ रंगही जातो. त्यापेक्षा तेलाचं फडकं पुरे.

वापरायचीच असेल तर आणखी एक गोष्ट. जुन्या इंग्रजी दुनळीत काडतुसाचं घर पुष्कळदा अडीच इंची असतं. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतंही. पण बार उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी दमास्कसची नक्षी असेल, तर बंदूकसाजाला दाखवल्याशिवाय आजचं काडतूस त्यात घालू नये.

राहिला बाजार. विलायतेतल्या लिलावाचे आकडे वाचून हरखू नये, तिथलं गिऱ्हाईक निराळं. इथे घेणाऱ्याकडेही परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. गिऱ्हाईक त्यामुळे आटलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा शौकही संपला. पीक राखायला बंदूक घेणाऱ्याचं काम भारतीय बनावटीच्या साध्या बंदुकीवर भागतं. ग्रीनर किंवा वेब्ली अँड स्कॉटसारख्या इंग्रजी बंदुकीचे जादा पैसे मोजणारा शौकीनच शोधावा लागतो, आणि त्याची दुसऱ्या बंदुकीची जागा रिकामी असावी लागते.