जुना संगणक आणि हलकी कार्यप्रणाली

जडसंग्रह नोंदवही हा सरकारी कचेरीतील एक अढळ ग्रंथ आहे. खुर्च्या, कपाटे आणि पंखे यांच्या जोडीला आता संगणकांनाही तीत स्थान मिळाले आहे. आणि काही वर्षे लोटली, की त्यांच्या निर्लेखनाची टिप्पणी सिद्ध होऊ लागते. कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो : कालबाह्य. खुर्ची मोडते म्हणून टाकावी लागते. संगणक मात्र पुष्कळदा धडधाकट असतानाच टाकला जातो, कारण मधल्या काळात त्यावरील कार्यप्रणालीची भूक वाढलेली असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला आणि हा प्रश्न कचेरीतून घराघरांत आला. तिच्यानंतरची विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था मागते आणि प्रोसेसरही बराच अलीकडचा मागते. ज्याचे यंत्र त्याआधीचे आहे, मग तो इंदूरचा निवृत्त शिक्षक असो की बेळगावातील एखाद्या वाचनालयाचा चिटणीस, त्याला 'नवा घ्या' एवढाच सल्ला मिळतो. वाचनालयाच्या वार्षिक वर्गणीत नवा संगणक बसत नाही, हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसते.

अशा वेळी लिनक्सचा विचार अवश्य करावा. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफातून जी प्रणाली उभी राहिली, तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते. म्हणूनच तिची अनेक 'वितरणे' निघाली. आणि नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो. तो आधी नाव निवडतो आणि मग यंत्राकडे वळतो. क्रम उलटा हवा.

यंत्राला दोन प्रश्न विचारावेत. प्रोसेसर ६४ बिटी आहे काय? आणि रॅम किती आहे? ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुखाने चालते. विंडोजवरून येणाऱ्याला तिची मांडणी परकी वाटत नाही, आणि तिच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळावयाच्या आहेत. २ जीबी असेल तर लुबुंटू, किंवा एलएक्सक्यूटी हा हलका दर्शनी भाग घेतलेले डेबियन पाहावे. मी स्वतः डेबियनला झुकते माप देतो, कारण ते दीर्घकाळ न बदलता राहते, आणि वाचनालयाला नवलाईपेक्षा स्थैर्याची गरज अधिक. यंत्र ३२ बिटी असेल तर मात्र वाट अरुंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करता येत नाही. अँटीएक्सच्या २०२३ च्या आवृत्तीसारखे थोडेच पर्याय उरतात. आणि तेही लेखन, हिशेब, जुनी कागदपत्रे उघडणे यांपुरतेच मानावेत.

प्रणाली हलकी घेतली म्हणजे सर्व भागले, असेही नाही. आजच्या संगणकावरील खरे ओझे ब्राउझरचे असते. प्रणाली स्वतः अर्ध्या-पाऊण जीबीत आटोपते. पण वृत्तपत्राची दोन पाने आणि एक चलचित्र उघडले, की उरलेली रॅम संपते. अशा यंत्राला चार-सहा वितरणे आलटून पालटून देण्यापेक्षा रॅमची एक पट्टी वाढवावी, आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. हा खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ असतो, आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

निर्णयापूर्वी परीक्षा घेण्याची सोय आहे. वितरणाची प्रत पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू केला, की आपण स्थापनेची आज्ञा देईपर्यंत डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून काम काहीसे मंद चालते, तेवढे गृहीत धरावे. पण वायफाय, ध्वनी, मुद्रकयंत्र यांची कसोटी तेव्हाच लावावी. देवनागरीही लिहून पाहावी : भारतीय कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणी बहुतेक वितरणांत आधीपासूनच असते, ती केवळ चालू करावी लागते.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत एक अडचण खरीखुरी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत लाखो पाने टंकलिखित झाली. त्या फायलींमध्ये देवनागरी अक्षरे नसतातच. असतात ती रोमन संकेतचिन्हे, आणि तो विशिष्ट टंक लागलेला असेल तरच ती मराठी दिसतात. नव्या प्रणालीत टंक नसला, की वाचनालयाची सारी ग्रंथसूची निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. यास्तव जुनी प्रणाली पुसण्याआधी अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, आणि मूळ प्रत, टंकासह, दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. केवळ विंडोजवरच चालणारी एखादी हिशेबाची आज्ञावली रोजच्या वापरात असेल, तर तो संगणक तूर्त आंतरजालापासून तोडून तसाच ठेवावा आणि लिनक्सचा प्रयोग शेजारच्या यंत्रावर करावा.